पुढं कुठं गेलं

१

सकाळी उठलो की माझं पहिलं काम टबातलं पाणी बदलायचं. मोरीच्या कडेला निळा टब आहे, त्यात पिस्तूल बुडवून ठेवलं होतं. जुनं पाणी मोरीत ओतायचं, नळाचं गोडं पाणी भरायचं, मूठभर धुण्याचा सोडा टाकून लाकडी पळीने ढवळायचं. समुद्रात पडून राहिलेलं लोखंड असं महिनोन्‌महिने ठेवलं की पोटातलं मीठ सोडतं, नाहीतर वाळून त्याचा भुगा होतो. हे माझ्या नातीने, शर्लिनने, वाचून शोधून काढलं. मी चौथीपर्यंत शिकलेला कोळी माणूस. मीठ घालून मासळी टिकवायची मला ठाऊक. मीठ काढून काही टिकवतात हे या वयात कळलं.

पिस्तूल आमचं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी माझा मुलगा ग्लेन अर्नाळ्याहून होडी घेऊन निघाला. त्याचा भागीदार भूपेश तापाने आडवा होता, म्हणून एकटाच गेला. तिसऱ्या दिवशी होडी सापडली, उत्तरेला लांबवर वाहत गेलेली. जाळं आत ओढून घेतलेलं होतं. डबा उघडा होता, अर्धी भाकरी खाल्लेली होती. ग्लेन नव्हता. जाळ्याच्या शेपटाकडच्या पिशवीत मासळीही नव्हती. कालवं चिकटलेला एक काळा गोळा तेवढा होता, पपईएवढा.

पोराच्या हाताने वर आलेली ती शेवटची वस्तू. मला टाकवेना. मार्गारेट, माझी बायको, घरात घेऊ देईना. मग विहिरीजवळच्या टाकीत सोडून दिला आणि दोघांनी त्याचं नाव काढलं नाही. या वर्षी टाकी फोडायची ठरली तेव्हा गोळा बाहेर काढला. कवच तडकलं आणि आतून पिस्तुलाची मूठ दिसली.

शर्लिनने आधी पोलिसांत कळवलं. ते आले, शंभरेक वर्षं जुनं असेल म्हणाले, फोटो काढले, कागद केला, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत तुमच्याकडेच नीट ठेवा म्हणाले. हुकूम अजून आलेला नाही.

२

शर्लिन ग्लेनची मुलगी. तेवीस वर्षांची आहे, अंधेरीला मालवाहतुकीच्या ऑफिसात कामाला जाते. कुठली पेटी कुठल्या बोटीवर चढली, कुठे उतरली, हे बघणं हेच तिचं काम. सोडा घातलेल्या पाण्यात महिनाभर राहिल्यावर पिस्तुलाच्या अंगावर आकडे दिसायला लागले. तिने मोबाईलचा दिवा धरून ते वाचले आणि म्हणाली की ज्या कारखान्याने हे बनवलं, तिथे जुनी वही असणार. शौकीन लोक नंबर कळवतात, आणि अमुक साली, अमुक पेटीतून, अमक्याला पाठवलं असं पत्र येतं.

"आम्ही चीनमध्ये हरवलेली पेटीसुद्धा शोधून काढतो, आजोबा."

"ही शंभर वर्षांपूर्वी हरवलीय."

"मग थोडी लेट झालीय, बस."

मला हसू आलं. पण तिने पुढे जे सांगितलं त्याने माझे हात थांबले. पिस्तूल कुठल्या जहाजातून चाललं होतं ते कळलं, ते जहाज कुठे बुडालं ते कळलं, तर पप्पांनी शेवटचं जाळं कुठे टाकलं ते कळेल.

ही गोष्ट मला सुचली नव्हती. अकरा वर्षं मला एवढंच हवं होतं. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतात्म्यांच्या दिवशी, सगळं गाव दफनभूमीत जातं. कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. मार्गारेट इतरांच्या कबरींमधून हातातली फुलं तशीच घेऊन फिरते आणि परत येते. आता तिच्या गुडघ्यांनी काम सोडलंय, एका डोळ्याने दिसत नाही. मागच्या वर्षी घरी येऊन फुलं तांब्यात ठेवताना म्हणाली, "मला जागा तेवढी दाखवा हो. मग मी जायला मोकळी."

म्हणून मी शर्लिनला म्हणालो, लिही पत्र. शेवटी एवढंच विचार, की पुढं कुठं गेलं.

३

पहिलं उत्तर जुलैत आलं. शर्लिनने स्टुलावर बसून मराठी करून वाचलं. पहिल्या महायुद्धाचं साल, मार्च महिना. हा नंबर लाकडी पेटीत, आणखी तेवीस पिस्तुलांबरोबर, विलायतेतल्या लष्करी कोठाराला पाठवला. पुढचं त्यांच्या वहीत नाही. शर्लिनने कोठाराची कागदपत्रं जिथे आहेत तिथे लिहिलं. पुढं कुठं गेलं?

त्याच आठवड्यात मी टबाकडे नीट बघितलं.

टब मी रोज एका रेघेपर्यंत भरायचो, आत कोरलेली रेघ आहे. एका दुपारी पाणी रेघेच्या चार बोटं वर दिसलं. वाटलं मार्गारेटने तांब्या ओतला असेल. ती म्हणाली, त्या मेल्या लोखंडाला मी हात लावत नाही. संध्याकाळी पाणी रेघेच्या खाली गेलेलं होतं. नळ गळतो का पाहिलं, टबाला चीर आहे का पाहिलं, खाली कागद पसरून ठेवला. कागद कोरडा राहिला.

आम्ही चर्चला जाणारे ख्रिस्ती असलो तरी समुद्राला तिथीच कळते. पौर्णिमेला नि अमावास्येला भर दुपारी भरती, मग रोज पाऊण तास पुढे. हे मला शिकवावं लागलं नाही, बापाबरोबर होडीत बसून आलं. मी आठ दिवस टबाशी स्टूल टाकून बसलो. कोळशाने टबाच्या कडेला खुणा केल्या. अष्टमीला पाणी जेमतेम हललं. अमावास्येला बारा वाजता ते काठाला लागलं, आणि सहा वाजता पिस्तूल उघडं पडलं, खडकासारखं.

म्हातारपणी माणसाला आपल्याला हवं ते दिसतं. मी बोट बुडवून चाटलं. दोन महिने रोज बदललेलं नळाचं पाणी. समुद्राइतकं खारट लागलं.

शर्लिनला सांगितलं नाही. तिने माझ्यासाठी डॉक्टर शोधला असता.

४

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कुणालाच सांगितली नाही.

आमच्यात निघालेल्या माणसाला कुठे चाललास असं विचारत नाहीत. तुमच्याकडेही विचारत नसतील. पण होडीवर जाणाऱ्याला तर नाहीच. चुकून कुणी विचारलंच, तर त्याने मागे फिरायचं, घरात येऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, आणि नव्याने निघायचं. मग दोष जातो. माझ्या बापाने एकदा अशी तीन वेळा पाणी पिऊन होडी काढली होती, कारण शेजारची कमळी मुद्दाम विचारायची.

त्या सकाळी मी ओट्यावर फाटलेलं जाळं तुणत होतो. रात्री ग्लेनशी माझं वाजलं होतं. एकट्याने जाऊ नको म्हणालो होतो, तो ऐकत नव्हता. पहाटे तो खांद्यावर वल्हं घेऊन माझ्या अंगावरून गेला आणि माझ्या तोंडून रागाने निघालं, "कुठं चाललास?"

तो थांबला. मी लगेच म्हणालो, "आत ये, बस, पाणी पी."

"नको बाबा," तो म्हणाला. चिडलेला नव्हता. हसला. "सुकती लागलीय, बसलो तर पाणी ओसरेल." आणि गेला.

मार्गारेट आत होती. तिने ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. अकरा वर्षांत तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

५

दुसरं उत्तर ऑगस्टच्या शेवटी आलं, नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्यावर. कोठारातून पेट्या जहाजावर चढल्या. जहाज मुंबईला सुखरूप लागलं. पेट्या मोजल्या, पुऱ्या भरल्या.

म्हणजे ते जहाज बुडालंच नव्हतं. शर्लिनचा चेहरा उतरला. मी म्हणालो, थांबू नको. मुंबईहून पुढं कुठं गेलं ते विचार. जुने सरकारी कागद ठेवतात तिथे तिने रजा काढून तीन खेपा मारल्या.

त्या दिवसांत बाकडं वाजायला लागलं.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून सागाचं लांब बाकडं आहे. पाच माणसं बसतील असं. मधली फळी सैल आहे, कुणी टेकलं की कण्हल्यासारखी वाजते. मी ओट्यावर आणि मार्गारेट आतल्या खाटेवर जपमाळ घेऊन, आणि मधल्या रिकाम्या स्वयंपाकघरात फळी वाजायची. भर दिवसा, भरतीच्या वेळी. पहिल्यांदा वाटलं मांजर असेल. दुसऱ्यांदा वाटलं लाकूड उन्हाने तडतडतंय. तिसऱ्यांदा मी आत गेलो, तर बाकड्याखाली लादीवर ओल्या टाचांचे ठसे होते. बोटांचे नव्हते, फक्त टाचांचे, जसा थकलेला माणूस पाय पुढे सोडून बसतो. मला एकदम हुंदका आला. मी ते पुसले नाहीत. माझे पाय मी बाजूला ठेवून बघितले. ग्लेनची टाच माझ्याएवढीच होती.

हे ठसे आखूड होते. रुंद आणि आखूड.

६

तिसरा कागद दसऱ्यानंतर मिळाला. शर्लिन तो हाताने उतरवून घेऊन आली होती. एक पेटी किनाऱ्याने वर एका ठाण्याला पोचवायची होती, म्हणून ती शिडाच्या पडावावर चढवली. पडावावर एक तांडेल आणि तीन खलाशी. पडाव चार दिवसांनी वाहत सापडला, शीड उतरवून गुंडाळलेलं, चुलीवर भात शिजलेला. माणसं नाहीत, पेटी नाही. पुढे रकाना होता, ठिकाण. त्यात लिहिलं होतं, नोंद नाही.

शर्लिन वाचायची थांबली. तिलाही तिच्या बापाचा उघडा डबा आठवला असणार. ती म्हणाली, "सॉरी, आजोबा. पुढे कागदच नाहीत. आता कुणाला विचारू?"

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हणालो, पुष्कळ विचारलंस बाळा.

ती कामावर गेली. त्रयोदशी होती, भरती दहाच्या सुमाराला. मी ओट्यावर बसलो होतो. आत फळी वाजली, मग पुन्हा वाजली, मग आणखी दोनदा. दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून माझं पाणी पिऊन ठेवलेलं पितळी भांडं बाकड्याच्या टोकाला दिसत होतं, तळाशी घोटभर उरलेलं. एका हाताने ते उचललं. फार दिवस पाण्यात राहून पांढरी, सुरकुतलेली झाली होती ती बोटं, आणि अंगठ्याला नख नव्हतं. भांडं फटीच्या बाहेर गेलं, परत आलं, आवाज न करता जागेवर ठेवलं गेलं. मग दुसरा हात आला, काळा, केसाळ. त्याने रिकामं भांडं उलटं करून पाहिलं.

दोन्ही हात ग्लेनचे नव्हते.

मी भिंतीला धरून उठलो.  फळी परत वाजेपर्यंत मी तसाच उभा राहिलो, आणि तेव्हा आतल्या खोलीतून मार्गारेट बोलली. ती खाटेवर उठून बसली होती, जपमाळ मांडीवर पडलेली होती.

"कोन कोन आलेत?"

"तुला ऐकू आलं?"

"डोळा गेलाय, कान नाय गेले." तिने जपमाळ उचलली. "चार महिने त्या पोरीकडून इचारून घेता. पुढं कुठं गेलं, पुढं कुठं गेलं. लोखंड कुठं जातंय हो? मानसं जातात. निघालेल्या मानसांना इचारलंत तुमी. आता ती बसायला आलीत. पानी द्या त्यांना."

मी बाकड्याकडे न बघता आत गेलो आणि तिच्या पायाशी बसलो. मग ती जे म्हणाली ते तिने अकरा वर्षं पोटात ठेवलं होतं.

"ग्लेनलापन इचारलं होतंत. मी ऐकलं होतं."

"मी त्याला बस म्हणालो होतो, मार्गारेट."

"ते पन ऐकलं होतं," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

७

त्या दिवसापासून मी बाकड्यावर माठातल्या पाण्याचे पाच पेले ठेवायला लागलो. चार त्यांचे, पाचवा ग्लेनचा, त्याचा स्टीलचा, नाव कोरलेला. भरती यायची, फळी चारदा वाजायची. सुकती लागली की मी आत जायचो. चार पेले रिकामे असायचे. पाचवा काठोकाठ.

आठ दिवस, दहा दिवस. हळूहळू चौघांचे ठसे कमी झाले. एक दिवस तीनच पेले रिकामे होते, मग दोन, मग एक. पाणी पिऊन माणूस नव्याने निघतो, तसे ते एकेक निघाले असावेत. कुठे, ते मी मनातसुद्धा आणलं नाही. शेवटी चारही पेले भरलेले राहू लागले आणि फळी वाजायची थांबली.

ग्लेनचा पेला मी रोज ओतून टाकायचो, रोज भरायचो.

"तो नाय बसनार," मार्गारेट म्हणाली. "तुमी घरात बसून वाट बघताय ना. भांडलेला पोर बापासमोर कशाला येईल? तुमी जरा भायेर जा. आनि जाताना ते लोखंड घेऊन जा."

मृतात्म्यांचा दिवस द्वादशीला आला. नऊला भरती होऊन सुकती लागली तेव्हा मी पिस्तूल बादलीत घेतलं, वर टबातलंच पाणी ओतलं. मार्गारेटने झेंडूची फुलं दिली. शर्लिनने माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. पोलिसांचा कागद तिच्या सहीने होता. ती एवढंच म्हणाली, "सावकाश जा, आजोबा." आणि आजीसाठी चहा ठेवायला वळली.

भूपेश होडीजवळ उभा होता. ग्लेन गेल्यापासून तो मला आठवड्याला मासळी आणून देतो, पैसे घेत नाही. मला त्याने हात देऊन वर घेतलं, बादली पाहिली, इंजिन चालू केलं. काही विचारलं नाही. कोळ्याचा पोर.

अर्ध्या तासाने मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं. होडी सुकतीबरोबर वाहू लागली. लाटा बऱ्यापैकी होत्या, होडी डुलत होती, पायाजवळच्या बादलीतलं पाणी हिंदकळून माझ्या पायांवर येत होतं. आम्ही किती वेळ वाहत होतो कळलं नाही. मग पाणी हिंदकळायचं थांबलं. होडी तशीच डुलत होती, भूपेश कठड्याला धरून बसला होता, आणि बादलीतलं पाणी मात्र काचेसारखं सपाट होतं.

जागा ती होती.

मी मान वर केली. कोळी माणूस समुद्रात जागेची खूण जमिनीवरून धरतो, किल्ल्याचा बुरूज अमक्या झाडाच्या रेषेत आला की इथे. किनाऱ्यावर धुकं होतं. किल्ला नव्हता, झाडं नव्हती, काहीच नव्हतं. भूपेशने मोबाईल काढला, तो बंद पडलेला होता. मी फुलं सोडली. पिस्तूल दोन्ही हातांनी पाण्याशी नेलं आणि सोडलं. माझ्या तोंडात आलं होतं, कुठं रे होतास. मी ओठ घट्ट मिटून घेतले. भूपेश रडत होता. मी परत निघू म्हणालो.

८

घरी आलो तेव्हा चर्चची दुपारची घंटा होत होती. शर्लिन दफनभूमीत गेली होती. मार्गारेट स्वयंपाकघरात बाकड्याच्या टोकाला बसली होती. गुडघे धरून एकटी तिथवर कशी आली मला कळेना. तिचा डावा हात कोपरापर्यंत ओला होता. तिच्या शेजारची फळीही ओली होती. ग्लेनचा पेला रिकामा होता.

मी विचारलं, "बसला?"

"बसला."

"पाणी प्यायला?"

"सगळं. हात धरून बसली होती मी. लई थंड हात." तिचा चेहरा मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता इतका शांत होता. "जागा सापडली ना?"

"सापडली."

"मग झालं."

मी फुलं घातली म्हणून सांगितलं. धुक्याचं सांगितलं नाही. खाली बसायला वाकलो तेव्हा तिने माझी बाही धरली.

"काही बोलला का तो?" मी विचारलं.

तिने बाही सोडली नाही. 

"एवढंच म्हनला. बाबा कुठं गेला?"

बाहेर शेजारच्या अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं. मी होडीवर असताना विचारलेलं होतं ते. निघालेल्या माणसाला, म्हणजे मला. त्याने मुद्दाम विचारलं नसेल. मीही त्याला मुद्दाम नव्हतं विचारलं.

दोष जावा म्हणून मी ओल्या फळीवर बसलो. फळी वाजली. मार्गारेटने चाचपडत माठातून ग्लेनचाच पेला भरला आणि माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरून मी तो शेवटपर्यंत प्यायलो.

"गार आहे ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. खारट आहे हे तिला सांगितलं नाही.